गाजराचे रंग आणि घरचे बी

(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी मला चार शब्द बोलावयास सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चारचौघींसमोर उभे राहून बोलण्याची ही पहिलीच खेप. चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या परसातल्या लाल-काळ्या गाजरांविषयी सांगा." मी म्हटले, "अहो, गाजर ही खाण्याची वस्तू. तिच्यावर भाषण कसले?" पण त्या ऐकेनात. तेव्हा आपल्यातली म्हणच पुढे करते : गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली. माझ्या बोलण्याचेही तसेच समजा.

संक्रांतीला आपण सुगडात काय काय घालतो ते आठवा. उसाचे करवे, बोरे, हरभऱ्याचे घाटे, गव्हाची ओंबी, तीळ आणि गाजराचे तुकडे. यातले बरेचसे आपापल्या वावरातून नाहीतर शेजारच्या वावरातून येते. गाजर मात्र आपण बहुतेकजणी बाजारातून आणतो. ते कोठे पिकले, कोणी पिकवले, त्याचे बी कोणाचे, हे आपल्याला ठाऊक नसते. पूर्वी असे नव्हते. निदान आमच्या घरी तरी नव्हते. त्याचीच हकीकत मी आज सांगणार आहे. तिच्यात माझी एक मोठी चूक आहे, तीही लपवणार नाही, कारण त्या चुकीतूनच मी शिकले.

आधी रंगांविषयी थोडे सांगते. गाजर म्हटले की आजच्या मुलांच्या डोळ्यांसमोर नारिंगी रंग येतो. पुस्तकातल्या चित्रातही तोच. पण नारिंगी हा गाजराचा मूळ रंग नव्हे. सुमारे हजार वर्षांपूर्वी अफगाणिस्तान व इराण या बाजूला लोक गाजराची लागवड करीत, तेव्हा ती गाजरे जांभळी आणि पिवळी होती. नारिंगी गाजर पुष्कळ मागाहून, सतराव्या शतकाच्या सुमारास हॉलंड देशात रुळले, आणि तेथून जगभर पसरले. आपल्या देशात लाल गाजर जुने. पंजाब व उत्तर प्रदेशाकडे काळे गाजरही आहे. होळीच्या सुमारास तिकडे त्या काळ्या गाजराची मोहरी घालून आंबवलेली कांजी करतात आणि उन्हे तापू लागली की पितात.

प्रत्येक रंगामागे वेगळे द्रव्य आहे. नारिंगी गाजरात कॅरोटिन पुष्कळ असते आणि त्यापासून आपले शरीर अ जीवनसत्त्व तयार करते. लाल गाजराला टोमॅटोच्या लालीचेच द्रव्य रंग देते. पिवळ्याचे आणखी निराळे. काळ्या गाजरात जांभळाच्या सालीतला रंग असतो, म्हणून चिरताना बोटे रंगतात. काळ्या गाजराच्या पाण्यात लिंबू पिळले की ते लालभडक होते आणि चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की निळसर होते. मुलांना एकदा करून दाखवा, मग गाजर खा म्हणून त्यांच्या मागे लागावे लागणार नाही. गाजराने डोळ्यांचा चष्मा जातो असे कोणी सांगितले तर मात्र विश्वास ठेवू नका. अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने येणारे रातांधळेपण टाळण्यास गाजराचा उपयोग होतो, एवढे खरे. आणि ते अंगी लागायचे तर जेवणात थोडे तेल-तूप हवे. नुसते कच्चे गाजर चघळण्यापेक्षा फोडणी घातलेली कोशिंबीर किंवा भाजी बरी.

आता आमच्या घरची गोष्ट. मी १९९९ साली लग्न होऊन गिरडला आले. सासूबाईंच्या परसात तेव्हा दोन वाफे लाल गाजराचे असत. हे बी त्यांनी आपल्या माहेराहून आणले होते. त्यांच्या आईकडे ते कोठून आले, ते त्यांनाही ठाऊक नव्हते. गाजर दिसायला काही फार सुरेख नव्हते. टोकाकडे निमुळते, थोडे ओबडधोबड, वीतभर लांब. पण रंग असा लाल की चिरले की ताटात कुंकू सांडल्यासारखे वाटे, आणि गोडी अशी की खिसात साखर अर्धीच घालावी लागे. सासूबाई बी मडक्यात राख घालून ठेवीत आणि मडक्याचे तोंड फडक्याने बांधून, चुलीचा धूर लागेल अशा बेताने शिंक्यावर टांगीत. दरवर्षी भुलाबाईच्या दिवसांत ते मडके खाली उतरायचे. ज्या बाया भुलाबाईची गाणी म्हणायला येत, त्यांतल्या कोणी मागितले की सासूबाई चिमूटभर बी पदरात बांधून देत. मला तेव्हा वाटे, ह्या काय सारे वाटून टाकतात! आपल्याला उरले नाही म्हणजे?

पुढे सासूबाईंचे गुडघे गेले, डोळ्यांनी दिसेनासे झाले आणि परस माझ्या हाती आला. २०१५ च्या दिवाळीत माझा भाऊ सुटीवर आला. तो लष्करात असल्याने तेव्हा अंबाल्याला होता. त्याने काळ्या गाजराचे बी आणले. मला फार हौस वाटली. लाल गाजराच्या वाफ्याला लागूनच मी काळ्याचा वाफा केला. दोन्ही छान आली. शेजारणी पाहायला आल्या, कौतुक झाले. मग मी दोन्हींची काही गाजरे बियांसाठी राखली आणि एकाच ओळीत लावली. फाल्गुनात दोन्हींना पांढऱ्या फुलांच्या छत्र्या आल्या. मधमाश्या, लहान माश्या दिवसभर या छत्रीवरून त्या छत्रीवर. मी कौतुकाने पाहत असे. लालाचे बी वेगळ्या पुडीत, काळ्याचे वेगळ्या पुडीत, असे नीट बांधून ठेवले आणि मला वाटले की झाले काम. वर, नवे बी भरपूर मिळाले म्हणून दिवाळीच्या सफाईत सासूबाईंचे जुने मडके रिकामे करून मी ते बी उकिरड्यावर टाकले.

२०१६ च्या हिवाळ्यात लालाच्या पुडीतले बी पेरले आणि गाजरे उपटली तेव्हा मी कपाळाला हात लावला. काही लाल, काही वरून जांभळी आणि आतून फिकट, काही मळकट तपकिरी. गोडीही गेलेली. ज्याला पारख नाही त्याला आपण गाजरपारखी म्हणतो ना, तशी माझी गत झाली. रंग पुडीत वेगळे ठेवून चालत नाही, ते फुलात असतानाच वेगळे ठेवावे लागतात, हे मला कोठे माहीत होते? गाजराच्या फुलाला माश्या परागकण आणून देतात. त्या काही माणसाने घातलेली ओळ पाहत नाहीत. बियाणे करणारे जाणकार दोन वाणांमध्ये आठशे ते हजार मीटर अंतर ठेवतात. मी ठेवले होते हातभर.

सासूबाईंना सांगायचे माझ्या जिवावर आले. पण त्यांना दिसत नसले तरी नाकाला सारे कळायचे. त्यांनी एक तुकडा तोंडात घातला, थोडा वेळ चघळला आणि खाली ठेवला. काही बोलल्या नाहीत. मी मात्र रडू लागले. तीन पिढ्यांचे बी माझ्या हातून गेले होते आणि ज्या बाईने ते जपले तिच्या डोळ्यांदेखत गेले होते. तेव्हा त्या म्हणाल्या, "कायले रडतं माय? बी घरातलं गेलं. मी ज्याले ज्याले देल्लं, त्याच्या घरी जाऊन पाह्य."

मग त्या खाटेवर पडल्या पडल्या नावे आठवू लागल्या आणि मी मुलाच्या वहीत लिहून घेऊ लागले. सात घरे झाली. २०१७ च्या पावसाळ्यात, कामातून सवड मिळेल तशी, मी एकेक घर गाठले. कोणाच्या परसात आता पक्के अंगण झाले होते. कोणी म्हणाल्या, मोटारपंप बिघडला तेव्हापासून परसबाग बंद आहे. कोणी म्हणाल्या, बाजारात स्वस्त मिळते, मग कोण खटपट करतो? एका घरी बी होते, पण ते किती वर्षांचे ते कोणालाच सांगता येईना. ते आणून ओल्या फडक्यात घालून पाहिले तर पंधरा दिवसांत एकही दाणा फुटला नाही.

आपल्या गिरडच्या टेकडीवर बाबा फरीदांच्या दर्ग्याजवळ ते फळांच्या आकाराचे दगड मिळतात. त्यांची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकली आहे. बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला असे सांगतात. त्या दिवशी ते न फुटलेले बी हातात घेऊन मला तीच गोष्ट आठवली. दिसायला बी, पण आत दगड. गाजराचे बी कितीही जपा, तीन-चार वर्षांपलीकडे त्याचा भरवसा नाही. ते पेटीत ठेवून टिकत नाही, पेरूनच टिकते.

सहा घरे झाली. सातवे घर माझ्या नणंदबाईंचे, हिंगणघाटच्या बाजूला. त्यांच्याकडे मी लाजेने सर्वांत शेवटी गेले. माहेरचे बी वहिनीने घालवले, हे कसे सांगायचे? पण नणंदबाई हसल्या आणि देवघराच्या कोनाड्यातून एक आगपेटी काढून माझ्या हातावर ठेवली. आत लाल गाजराचे दोन वर्षांपूर्वीचे बी होते. त्यांच्या लग्नात सासूबाईंनी जे बी बरोबर दिले होते, ते त्या एक-दोन वर्षांआड पेरीत आल्या होत्या. त्यांच्या आसपास दुसरे कोणी गाजर फुलवीत नव्हते, म्हणून ते शुद्ध राहिले होते.

त्या वर्षी कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी मी ते बी पेरले. जेमतेम तिसरा हिस्सा उगवला. साठेक गाजरे झाली. २०१८ च्या संक्रांतीला सुगडात घालण्यासाठी एक चिरले आणि त्यातली एक फोड सासूबाईंच्या हातावर ठेवली. त्यांनी आधी वास घेतला, मग खाल्ली आणि म्हणाल्या, "हे आपलं होय." त्याच वर्षी चैत्रात त्या गेल्या. तेव्हा परसात त्यांच्या गाजराच्या छत्र्या बी धरीत होत्या.

भगिनींनो, ज्या वाटून टाकण्याला मी मनात नावे ठेवीत होते, त्यानेच आमचे बी वाचले. मडक्यातले बी मी उकिरड्यावर टाकले, दुसऱ्याला दिलेले परत आले. मला आज मुख्यतः हेच सांगायचे आहे. रंग राखायचा तर फुलांत अंतर ठेवावे, आणि बी राखायचे तर ते वाटावे.

आता लागवडीची रीत सांगते. आपली जमीन काळी, चिकट. कपाशीला ती आई, पण गाजराला सावत्र आई. कठीण जमिनीत गाजराला खाली जाता येत नाही, मग त्याला दोन-तीन पाय फुटतात. टेकडीच्या बाजूला ज्यांचे परस आहेत त्यांच्याकडे खडे लागतात, त्यानेही तेच होते. म्हणून जमिनीवर वीतभर उंच गादीवाफा करावा. काळ्या मातीत नाल्याची बारीक रेती आणि चांगले कुजलेले, जुने शेणखत मिसळावे. ताजे शेणखत घालू नये. त्याने गाजराला केसाळ मुळे सुटतात आणि फाटे फुटतात.

पेरण्याची वेळ कोजागिरीच्या आसपास. फार लवकर, उकाड्यात पेरले तर रंग फिका येतो. गाजराला रंग भरायला थंडी लागते. कोजागिरीला पेरलेले लाल गाजर तीन महिन्यांत तयार होते, म्हणजे बरोबर संक्रांतीच्या सुगडाला. आपल्या जुन्या बायकांनी सणांची ही जोडी कशी बसवली होती पाहा. बियांना बारीक काटे असतात, म्हणून आधी ते दोन्ही तळहातांत चोळून घ्यावे. बी इतके बारीक की एका ग्रॅममध्ये सुमारे ८०० दाणे बसतात. तेव्हा चहाचा एक चमचा बी दहा फुटांच्या वाफ्याला पुरे. त्यात चौपट रेती किंवा राख मिसळून ओळीत पेरावे, म्हणजे एका जागी दाटी होत नाही. वर अर्ध्या पेरापेक्षा जास्त माती घालू नये. वाफ्यावर ओले पोते अंथरावे आणि ते सुकू देऊ नये. आठ-दहा दिवसांनी कोंब दिसू लागले की संध्याकाळच्या वेळी पोते काढावे. पुष्कळजणी चार दिवस वाट पाहून बी खराब म्हणून वाफा मोडतात. गाजर आळशी आहे, त्याला उठायला वेळ लागतो.

रोपे बोटभर झाली की विरळणी करावी. हे करताना जीव तुटतो, पण दोन रोपांत दोन-तीन बोटे जागा हवीच. पाणी बेताचे पण नेमाने द्यावे. आठ दिवस कोरडे ठेवून एकदम भरपूर पाणी दिले की गाजरे तडकतात. वरचे डोके उघडे पडले तर मातीने झाकावे, नाही तर ते हिरवे पडते.

आता बी धरण्याची रीत. संक्रांतीच्या सुमारास सगळी गाजरे उपटून समोर मांडावीत. येथे खरी गाजरपारख लागते. सरळ, एकरंगी, न तडकलेली, चवीची गाजरे निवडावीत. आपण उलटे करतो. चांगले ते खातो आणि उरलेले, वाकडेतिकडे बियांना ठेवतो, मग पुढच्या वर्षी बीही वाकडेच येते. निवडलेल्या गाजराचा खालचा तिसरा भाग कापून चाखावा, वरचा पाला चार बोटे ठेवून छाटावा आणि ते दोन दिवसांत पुन्हा हात-हात अंतराने लावावे. जे फार लवकर, गाजर भरण्याआधीच फुलावर येते, ते उपटून टाकावे, त्याचे बी धरू नये. मधल्या मोठ्या छत्रीचे बी सर्वांत भरीव असते. छत्री तपकिरी होऊन आत मिटली की कापावी, सावलीत वाळवावी, मळावी, पाखडावी. पुडीवर वाणाचे नाव आणि साल लिहावे. साल लिहायला विसरू नका, नाही तर पुन्हा तो टेकडीवरचा दगडच हाती येईल.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. बाजारातली नारिंगी विलायती गाजरे आपल्याकडे खायला येतात, पण त्यांना फुलावर यायला कडक थंडी काही आठवडे लागते. तेवढी थंडी आपल्याकडे पडत नाही. त्यांचे बी हिमाचल प्रदेशात, कुलू खोऱ्यातल्या कटराईंसारख्या थंड ठिकाणी तयार करतात. लाल आणि काळी देशी गाजरे मात्र आपल्या हिवाळ्यातही बी धरतात. दिल्लीच्या पुसा संस्थेने काढलेली 'पुसा रुधिरा' ही लाल आणि 'पुसा असिता' ही काळी जात देशी गाजराच्याच जातकुळीची आहे. संकरित बियाणे वाईट आहे असे मी म्हणणार नाही. पीक भरपूर देते, पण त्याचे बी धरले तर दुसऱ्या वर्षी ते तसेच येत नाही. आपल्याच वावरात पाहा. २००२ साली देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली, आणि आज दर हंगामात कपाशीचे बी पाकिटातून आणावे लागते. घरच्या पुरुषमाणसांना त्यासाठी आधी पैशांची जुळवाजुळव करावी लागते, हे आपण चुलीपाशी बसून ऐकतो. कपाशीचे आपल्या हाती फारसे नाही. पण परस तर आपल्या हातचा आहे.

असे काम कमी शिकलेल्या माणसाने करू नये असे थोडेच आहे? नगर जिल्ह्यातल्या, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात, अकोले तालुक्यात कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी घेवडे, वाल, भाज्या, भात यांचे गावठी बियाणे घराघरांतून गोळा केले, पेरले आणि वाटले. सरकारने त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर केली. गुजरातेत जुनागढ जिल्ह्यातले वल्लभभाई मारवाणिया जेमतेम पाचवी शिकलेले. १९४३ साली त्यांनी पाहिले की घरचे गाजर जनावरांना चारा म्हणून घालतात. ते गोड लागते, मग माणसांनी का खाऊ नये, म्हणून त्यांनी ते बाजारात नेले. पुढे वर्षानुवर्षे चांगली गाजरे निवडून, त्यांचेच बी धरून त्यांनी 'मधुबन गाजर' हे वाण तयार केले. २०१९ साली त्यांनाही पद्मश्री मिळाली. त्यांनी जे केले ते मघाशी सांगितलेलेच : चांगले निवडायचे आणि त्याचेच बी धरायचे. त्यांनी ते आयुष्यभर केले, एवढाच फरक.

आणि कोणाला वाटेल की बी देणे-घेणे कायद्यात बसते की नाही, तर तेही सांगते. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शेतातले बी ठेवण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. फक्त संरक्षित वाणाचे बी छापील नावाच्या पाकिटात घालून विकता येत नाही. आपण काही पाकिटे छापणार नाही, आपल्या पुड्याच बऱ्या.

आता मंडळापुढे माझी एक सूचना आहे. मी एकटीने हे बी राखायचे म्हटले तर ते पुन्हा जाईल. एक तर एखाद-दुसऱ्या गाजराचे बी धरत गेले की पुढे पीक खुजे आणि अशक्त होते. चाळीस-पन्नास गाजरे एकत्र फुलली पाहिजेत. एका परसात एवढी जागा कोठे? शिवाय मी लाल फुलवले आणि माझ्या शेजारणीने काळे फुलवले की माझी जुनी चूक पुन्हा घडणार. म्हणजे हे काम एका घराचे नव्हेच, ते गावाने मिळून करण्याचे आहे.

आपल्या मंडळात पैशांची भिशी चालते. तशी बियांची भिशी चालवावी. जी बाई एक चमचा बी नेईल तिने पुढच्या हंगामात दोन चमचे परत करावे. ज्यांना जागा आहे अशा पाच-सहाजणींनी दहा-दहा गाजरे बियांसाठी जवळपास, एकाच परसात लावावी. आणि सगळ्या गावात एक वर्ष फक्त लाल गाजर फुलू द्यावे, काळे सारे खाऊन टाकावे. दुसऱ्या वर्षी काळे फुलू द्यावे, लाल खाऊन टाकावे. बी तीन वर्षे टिकते, तेव्हा एक वर्ष आड केल्याने काही बिघडत नाही. खाण्यासाठी मात्र दोन्ही रंग दरवर्षी पेरता येतील. एक वही घालावी, तिच्यात वाण, साल, कोणाला दिले आणि कोणी परत केले हे लिहावे. खर्च म्हणाल तर वहीचा आणि घट्ट झाकणाच्या दोन डब्यांचा.

आणखी एक. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण वाण लुटतो. कोणी प्लास्टिकची वाटी देते, कोणी आरसा-फणी. दोन महिन्यांत ती वस्तू कोठे जाते ते कळतही नाही. आपल्या भाषेत बियांच्या जातीलाही वाण म्हणतात आणि हळदीकुंकवाला जे लुटतो त्यालाही वाणच म्हणतात. तर यापुढे एखाद्या वर्षी वाण म्हणून वाणच द्यावे असे मला वाटते. नाही तर पेरणीची वेळ साधायला भुलाबाईच्या खिरापतीबरोबर एकेक पुडी द्यावी. ती मात्र कोनाड्यात ठेवून विसरू नये.

आज मी जुन्या कॅलेंडरच्या कागदात बांधून चाळीस पुड्या आणल्या आहेत. गेल्या चैत्र-वैशाखात धरलेले सासूबाईंच्या लाल गाजराचे बी त्यांत आहे. प्रत्येक पुडीवर साल लिहिले आहे. जाताना एकेक घेऊन जावी. भुलाबाई बसायला आता फार दिवस नाहीत. एक विनंती मात्र आहे. पेरलेत तर सांगा आणि नाही उगवले तरी सांगा. आणि देव न करो, पण माझ्या घरचे बी पुन्हा कधी गेले, तर मी तुमच्या दारी येईन. तेव्हा तुमच्या कोनाड्यात एखादी आगपेटी असू द्या.